रणगाड्यासमोरचा शिपाई

युद्धाच्या इतिहासात शस्त्रांची वर्णने पुष्कळ आढळतात. शस्त्र ज्याच्यावर चालून येते त्या माणसाची हकीकत मात्र थोडी सापडते. रणगाड्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. त्याचे वजन किती, पत्रा किती जाड, तोफ किती पल्ल्याची, याची कोष्टके कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतील. परंतु हा लोखंडी गाडा धुक्यातून प्रथम बाहेर आला तेव्हा खंदकातल्या शिपायाने काय केले, तो पळाला की थांबला, आणि थांबला असेल तर कशाच्या बळावर, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे वास्तव्य नोकरीनिमित्त छावणीच्या गावी होत असते. १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेले पॅटन रणगाडे अशा गावांच्या चौकांत मांडलेले त्यांनी पाहिले असतील. त्यांवर मुले चढतात, तोफेच्या नळीवर कावळे बसतात. थंड पडलेल्या त्या लोखंडाकडे पाहून मूळच्या भयाची कल्पना येणे कठीण आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. आपल्या भाषेने या यंत्राला रणगाडा म्हटले, ते सरळच झाले. इंग्रजांनी मात्र जन्मापासूनच त्याला खोट्या नावाने वाढविले. १९१५ साली चर्चिल यांच्या पुढाकाराने नौदलाच्या खात्यात ‘जमिनीवरील जहाजां’साठी समिती नेमण्यात आली. पुढे लिंकन येथील कारखान्यात ही धूडे तयार होऊ लागली, तेव्हा गुप्तता राखण्यासाठी मेसोपोटेमियातील सैन्याकरिता पाण्याच्या टाक्या बनत आहेत, असे पसरविण्यात आले. टाकी म्हणजे ‘टँक’. तेच नाव चिकटले. गमतीची गोष्ट अशी की, या इंग्रजी शब्दाचे मूळ शोधताना कोशकार गुजराती-मराठीतील ‘टांके’-‘टाके’ या शब्दांपर्यंत येऊन पोहोचतात. आमच्या गडांवरच्या खडकात खोदलेले पाण्याचे टाके आणि फ्रान्सच्या चिखलातून सरपटणारे ते धूड यांचे नाते असे शब्दापुरते का होईना, जुळते.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर हे यंत्र प्रथम लढाईत उतरले. ब्रिटिशांजवळ ४९ रणगाडे होते. त्यांपैकी सुमारे ३२ कसेबसे आरंभाच्या जागेपर्यंत पोहोचले, बाकीचे वाटेतच बिघडले किंवा रुतून बसले. वेग तासाला चार मैलांहूनही कमी. आत आठ माणसे, आणि मधोमध उघडेच ठेवलेले एंजिन. उष्णतेने व धुराने माणसे बेशुद्ध पडत. बाहेरून गोळी आदळली की आतल्या बाजूने पत्र्याचे कण उडून चेहरा सोलून काढीत, म्हणून पुढे त्यांना साखळ्यांची जाळी लावलेले मुखवटे देण्यात आले. समोरच्या माणसाला यातले काही दिसत नव्हते. त्याला दिसत होते ते एवढेच की, ज्या काटेरी तारांवर शत्रूच्या पलटणीच्या पलटणी लटकून मेल्या, त्या तारा हे जनावर गवताप्रमाणे तुडवीत येत आहे, आणि आपल्या बंदुकीची गोळी त्याच्या अंगावरून निसटून जात आहे. फ्लेर या खेड्यात त्या दिवशी एक रणगाडा मुख्य रस्त्याने सरळ आत गेला आणि त्याच्या मागोमाग ब्रिटिश पायदळ. तेथील जर्मन शिपायांपैकी काही पळाले, काहींनी शस्त्रे टाकली. आम्ही त्यांना भेकड म्हणावयास तयार नाही. अडीच महिने त्याच आघाडीवर त्यांच्या सैन्याने तोफांचा मारा सोसला होता. तोफगोळ्याला काय करावे हे त्यांना ठाऊक होते: जमिनीत खोल शिरावे आणि वाट पाहावी. रणगाड्यापुढे काय करावे हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हते.

फ्लेरपेक्षाही बोधक प्रसंग अकरा दिवसांनी, २६ सप्टेंबरला, गुदकूर या गावाजवळ घडला. तेथे गर्ड नावाचा जर्मन खंदक ब्रिटिश पायदळाला दाद देत नव्हता. एक रणगाडा आणून खंदकाच्या कडेकडेने चालविण्यात आला. तो वरून खंदकाच्या लांबीवर मशीनगन चालवीत निघाला, मागून हातबाँब फेकणारे शिपाई आणि डोक्यावर एक विमान. जर्मन खंदकातून मागे हटत गेले. शेवटी हटण्यास जागा उरली नाही तेव्हा हात वर करून बाहेर आले. ३७० कैदी हाती लागले. ब्रिटिशांची हानी पाच माणसांची. येथे रणगाड्याने मारलेल्या माणसांपेक्षा त्याने निरुपाय करून सोडलेली माणसे किती अधिक होती, हे पाहण्यासारखे आहे. वर्षभर ज्या खंदकाने शिपायाचा जीव राखला तोच आता त्याचा सापळा झाला.

परंतु भय हे फार दिवस एकाच तीव्रतेने टिकत नाही. सवय आणि साधन मिळाले की ते उतरू लागते. ११ एप्रिल १९१७ रोजी ब्युलकूर येथे ऑस्ट्रेलियन पायदळाला साहाय्य म्हणून ११ रणगाडे निघाले आणि जवळजवळ सारे निकामी झाले. दोन तर जर्मनांच्या हाती पडले. त्यांनी ते तपासले आणि पोलादी गाभ्याची गोळी त्यांच्या पत्र्यातून आरपार जाते, अशी खात्री करून घेतली. ही बातमी खंदकाखंदकांतून पसरली असेल तेव्हा शिपायांना काय वाटले असेल, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. राक्षसाला रक्त आहे, हे कळले की तो राक्षस राहत नाही. (ऑस्ट्रेलियन शिपायांवर उलटाच परिणाम झाला. ज्या रणगाड्यांच्या भरवशावर तोफांचा मारा वगळण्यात आला ते आलेच नाहीत, म्हणून त्यांनी पुढे वर्षाहून अधिक काळ त्या यंत्रावर विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या बाजूच्या रणगाड्यासंबंधी शिपायाला काय वाटते, हा एक स्वतंत्र विषय आहे.) नंतर रुंद खंदक खणणे, हातबाँबची जुडी बांधून पट्ट्याखाली सारणे, आणि १९१८ साली खास रणगाड्यासाठी बनविलेली तेरा मिलिमीटरची प्रचंड बंदूक, असे एकेक उपाय निघत गेले. त्यांतील प्रत्येकाने किती रणगाडे मोडले हा हिशेब वेगळा. शिपायाच्या हाताला काही काम मिळाले, हा त्याचा मोठा उपयोग.

२० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे ब्रिटिशांनी ४७६ रणगाडे एकाच वेळी लोटले. पूर्वसूचनेचा तोफमारा नव्हता. सकाळच्या धुक्यात ते एकदम समोर उभे राहिले. हिंडेनबर्ग रेषेत पाच मैलांचे भगदाड पडले आणि इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजविण्यात आल्या. मात्र मध्यभागी फ्लेस्किएरच्या उंचवट्यावर हा लोंढा अडला. तेथील जर्मन तोफखान्याला हलत्या निशाणावर मारा करण्याचे शिक्षण आधीच देण्यात आले होते. त्यांनी तोफा खड्ड्यांतून बाहेर ओढल्या आणि चढावर माथा दाखविणारे रणगाडे एकामागून एक टिपले. या प्रसंगातून एक आख्यायिका जन्मली. सोबती मेल्यावर एकट्याने तोफ चालवून मरेपर्यंत रणगाडे फोडणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याचा उल्लेख खुद्द ब्रिटिश सेनापती हेग यांच्या अहवालात आला. पुढे जर्मनांनी त्या वीराला एक नावही शोधून दिले. संशोधकांना मात्र त्या एकाकी तोफचीची कथा पुराव्याच्या कसोटीला उतरलेली दिसत नाही. अशा कथा का रचल्या जातात हे उघड आहे. शिक्षण मिळालेल्या पंचवीस-तीस तोफचींनी आपले काम नीट केले, ही हकीकत खरी असली तरी कोणाला गावीशी वाटत नाही. आणि हरणाऱ्या पक्षालाही एका असामान्य वीराने अडविले असे म्हणणे बरे पडते.

ज्या सैन्याने रणगाडा शोधून काढला त्याचे पायदळ तरी त्याला भीत नसेल, असे कोणी म्हणेल. २४ एप्रिल १९१८ चा दिवस त्याचे उत्तर देतो. विलेर-ब्रेतोनो येथे जर्मनांनी आपले तेरा ए-सात-व्ही रणगाडे धुके व धूर यांच्या आडून पुढे आणले. अठरा-अठरा माणसे पोटात घेऊन चालणारे हे अवजड पेटारे जर्मनीने सबंध युद्धात अवघे वीस बनविले. पण ते समोर येताच ब्रिटिश पायदळाची फळी ठिकठिकाणी फुटली आणि दीड वर्षापूर्वी फ्लेर येथे जर्मनांनी जे केले तेच येथे ब्रिटिशांनी केले. दोन पक्षांच्या रणगाड्यांची जगातील पहिली समोरासमोरची झुंज त्याच सकाळी तेथे झाली, म्हणून इतिहासकार त्या दिवसाचे स्मरण ठेवतात. पायदळाच्या त्या पळापळीविषयी ते कमी बोलतात.

८ ऑगस्ट १९१८ या दिवसाला लुडेनडॉर्फने जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटले. आमिएँच्या त्या हल्ल्यात चारशेहून अधिक रणगाडे होते. परंतु त्यांतील चालू स्थितीत पाचव्या दिवशी, १२ तारखेला, फक्त सहा उरले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तरीही २ ऑक्टोबरला जर्मन लोकप्रतिनिधींना युद्ध हरल्याची वार्ता सांगण्यास पाठविलेल्या अधिकाऱ्याने कारणांत रणगाड्यांना अग्रस्थान दिले. आम्हांस यात थोडी सोय दिसते. माणसे थकली, उपाशी आहेत, लढू इच्छित नाहीत, हे सांगण्यापेक्षा शत्रूजवळ यंत्रे होती हे सांगणे कोणत्याही सेनापतीस सोपे जाते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रणगाडा सर्वांना ठाऊक झाला होता, निदान नावाने. आणि येथेच नवा घोटाळा झाला. पहिल्या युद्धातील शिपाई समोर आलेल्या रणगाड्याला भ्यायला. १९४० चा फ्रेंच शिपाई न आलेल्या रणगाड्याला भ्यायला. सेदाँजवळ म्यूज नदीच्या काठी फ्रान्सची ५५ वी पायदळ डिव्हिजन होती. तिच्यात वयस्क राखीव शिपायांचा भरणा, शस्त्रे अपुरी. १३ मे रोजी सकाळपासून तासन् तास जर्मन विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. डोक्यावर कर्कश शिटी घालीत झेपावणाऱ्या त्या विमानांनी तारायंत्रे तोडली, आणि त्याहून अधिक म्हणजे माणसांची मने एकमेकांपासून तोडली. दुपारनंतर जर्मन पायदळ रबरी होड्यांतून नदी उतरले. संध्याकाळी ब्युल्सों गावाच्या बाजूने एकच हाकाटी उठली: रणगाडे आले! तोफखान्यातून ही बातमी वर गेली, वरून खाली आली, आणि प्रत्येक फेऱ्यात तिचे वजन वाढले. तोफचींनी तोफा सोडल्या. ठाण्यांनी कागदपत्रे गुंडाळली. रस्ते पळणाऱ्यांनी भरून गेले. सेनापती लाफोंतेन यांनी रस्त्यावर आडव्या मोटारी लावून लोंढा थोपविण्याचा यत्न केला. तो फोल गेला. पळणारा प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की, रणगाडे मागोमाग येत आहेत. त्या वेळी म्यूजच्या त्या काठावर एकही जर्मन रणगाडा नव्हता. पूल बांधून होऊन त्यांच्या रांगा पलीकडे येऊ लागल्या त्या दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला. आणि त्या आल्या तेव्हा त्यांना अडविण्यासाठी नेमलेल्या तोफा माणसांविना उभ्या होत्या.

ब्युल्सोंच्या शिपायांनी पाहिले तरी काय? कदाचित आपलीच एखादी पट्ट्यांची गाडी, कदाचित धूळ. सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना अफवेचा हा प्रवास अपरिचित वाटणार नाही. वरिष्ठ ठाणे जागा बदलते हे खालच्यांनी पाहिले की, अफवेला शिक्का मिळतो.

याच्या उलट उदाहरणे मलायात सापडतात. तेथे आपल्या सैन्याला, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश हिंदी सैन्याला, रणगाड्याची भीती कोणी घातली नव्हती, कारण मलायाच्या रबराच्या रानात रणगाडा चालणारच नाही, असे वरिष्ठांनी ठरवून टाकले होते. बचावाच्या बाजूस सबंध द्वीपकल्पात एकही रणगाडा नव्हता. कित्येक हिंदी जवानांनी तो जन्मात पाहिला नव्हता. ११ डिसेंबर १९४१ रोजी असून येथे मुसळधार पावसात १४ व्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण रस्त्याने मागे हटत होती. रणगाडाविरोधी तोफांचे तोफची पावसामुळे झाडांखाली उभे होते. अशा वेळी जपानी रणगाड्यांची रांग दिवे लावून रस्त्याने सरळ त्यांच्यात घुसली. पलटण विखुरली. रानात भटकून जपान्यांच्या हाती लागलेल्या त्या पलटणीच्या अधिकाऱ्यांत कॅप्टन मोहनसिंग होते. आझाद हिंद फौजेची पहिली उभारणी पुढे त्यांनीच केली. त्या पावसातल्या काही मिनिटांनी किती दूरपर्यंत हात पोहोचविले, हे यावरून दिसेल.

आता मराठी मुलखाशी सरळ संबंध असलेल्या प्रसंगाकडे वळू. बेळगावचे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत तोब्रुक येथे ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. तिच्या सोबत कॅमेरन हायलँडर्स आणि गुरखे. तोब्रुकने आदल्या वर्षी अनेक महिने वेढा सोसून नाव मिळविले होते; पण १९४२ चे तोब्रुक ते राहिले नव्हते. रणगाड्यांसाठी खणलेला चर वाळूने भरत आला होता, आणि पेरलेल्या सुरुंगांपैकी पुष्कळसे उचलून दुसऱ्या आघाडीवर नेण्यात आले होते. रोमेलने नेमकी आग्नेय बाजू निवडली. तेथे मराठे होते.

२० जूनला पहाटे पाच वाजून गेल्यावर विमानांचा मारा सुरू झाला. एका अरुंद पट्ट्यावर विमाने येत, बाँब टाकीत, परत जाऊन पुन्हा भरून येत. तोफखान्याची त्यात भर. धुराच्या आडून जर्मन सुरुंगवाले व पायदळ पुढे आले, त्यांनी सुरुंग काढून चरावर वाटा केल्या, आणि साडेआठच्या सुमारास रणगाडे मराठ्यांच्या जागेतून आत येऊ लागले. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या त्या मुलांच्या हाती त्या वेळी काय होते? बंदुका, ब्रेन गन, मोजक्या रणगाडाविरोधी तोफा. मदतीस यावयाचे ब्रिटिश रणगाडे उशिरा आले, आणि तुकड्यातुकड्यांनी आले. ठाणी एकामागून एक बुडाली. दुपारपर्यंत जर्मन रणगाडे मुख्य चौफुल्यावर होते, संध्याकाळी बंदरात. दुसऱ्या दिवशी सकाळी सेनापती क्लॉपर यांनी शरणागती दिली, सुमारे ३३ हजार माणसांसह. त्यांतल्या बहुतेकांना आदल्या दिवशी शत्रूचा रणगाडा दिसलाही नव्हता. शेजारचे गुरखे २१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत आणि कॅमेरन २२ पर्यंत लढत राहिले.

मराठ्यांच्या या पलटणीचे नाव विजयाच्या यादीत येत नाही, म्हणून आमच्याकडे तिची आठवण फारशी काढली जात नाही. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आम्ही अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे. पण लष्करी दृष्टीने पाहिले तर, ज्या जागेवर एका सबंध मोहिमेचा पूर्ण भार पडतो तेथे उभे राहणे, तेही वरिष्ठांनी चर आणि सुरुंग यांची आबाळ केल्यानंतर, ही साधी गोष्ट नव्हे. त्या तीन तासांचा सविस्तर मराठी वृत्तान्त झाला असता तर बरे झाले असते.

साधन मिळाले म्हणजे काय फरक पडतो, हे दहाच दिवसांनी दिसले. अल अलामीनच्या वाटेवर दैर-अल-शैन येथे इराकहून घाईघाईने आणलेली १८ वी हिंदी ब्रिगेड खडकात अर्धवट खड्डे खणून बसली होती. १ जुलैला तिच्यावर त्याच विजयी जर्मन डिव्हिजना आल्या. ब्रिगेडजवळ थोड्या का होईना, पण चांगल्या तोफा होत्या. वाळूच्या वादळात दिवसभर झुंज चालली. संध्याकाळी ब्रिगेड संपली; परंतु जर्मनांच्या ५५ रणगाड्यांपैकी १८ तेथे पडले आणि रोमेलचा एक सबंध दिवस गेला. तो दिवस त्याला परत मिळाला नाही.

भयाची ही देणगी एकाच पक्षाची मिरास नव्हती. जून १९४१ मध्ये लिथुआनियात रासेनियाईजवळ एक एकटाच रशियन केव्ही रणगाडा जर्मनांच्या ६ व्या पँझर डिव्हिजनच्या रस्त्यावर येऊन थांबला. जर्मन अधिकारी राउस यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्याने रसदीच्या मोटारी जाळल्या. पन्नास मिलिमीटरच्या तोफांचे गोळे त्याच्यावर आदळून नुसते निळसर डाग उमटले. रात्री सुरुंग लावून पाहिला, तोही व्यर्थ. दुसऱ्या दिवशी हलक्या रणगाड्यांनी त्याला गुंतवून मागून मोठ्या विमानविरोधी तोफेने मारले. जवळ गेलेल्या शिपायांनी पाहिले तो त्याची तोफ पुन्हा हलू लागली, तेव्हा एकाने छिद्रातून हातबाँब आत टाकला. आतल्या रशियनांना जर्मनांनी लष्करी इतमामाने पुरले. ज्यांच्या रणगाड्यांनी वर्षभरात अर्धे युरोप पळविले त्यांच्याच शिपायांना निरुपाय म्हणजे काय ते येथे कळले.

पुढे दोन्ही बाजूंनी या निरुपायावर शिक्षणाचा इलाज केला. शिपायाला अरुंद खड्ड्यात बसवून त्याच्यावरून आपलाच रणगाडा चालवीत; तो निघून गेला की उठून मागून लाकडी हातबाँब फेकावयाचा. जर्मनांनी १९४२ साली एकट्याने रणगाडा मोडणाऱ्यासाठी बाहीवर लावावयाची पट्टी काढली. रशियनांनी चौदा मिलिमीटरहून जाड गोळीच्या लांब बंदुका वाटल्या आणि कथाही वाटल्या. मॉस्कोजवळ अठरा रणगाडे मोडून मेलेल्या पानफिलोवच्या २८ वीरांची कथा सोव्हिएत वृत्तपत्राने रचली, हे सरकारी वकिलाच्या चौकशीत १९४८ सालीच निघाले होते. तो अहवाल लोकांसमोर आला २०१५ साली. लढाई तेथे खरोखरच झाली होती, माणसे खरोखरच मेली होती. पण फ्लेस्किएरप्रमाणे येथेही सत्यावर समाधान झाले नाही. नॉर्मंडीत १९४४ साली याचीच दुसरी बाजू दिसते: जर्मनांजवळ टायगर रणगाड्यांच्या तीनच बटालियना होत्या, परंतु ब्रिटिश व अमेरिकन शिपायांच्या वर्दीत प्रत्येक कुंपणामागचा रणगाडा टायगरच असे.

सर्वांत शेवटचे आणि आम्हांस सर्वांत विषण्ण वाटलेले चित्र ब्रह्मदेशातील आहे. मार्च १९४५ मध्ये मेइक्तिला येथे १७ वी हिंदी डिव्हिजन शर्मन रणगाड्यांसह शिरली. त्या रणगाड्यांत डेक्कन हॉर्सचे स्वार होते. हाच रिसाला १४ जुलै १९१६ ला, फ्लेरच्या दोन महिने आधी, त्याच सोमच्या आघाडीवर घोड्यांवर बसून भाले रोखून हाय वूडच्या रानाकडे दौडला होता. एकोणतीस वर्षांनी तो लोखंडाच्या आत होता, आणि बाहेरच्या जपान्याजवळ रणगाड्याला भेदणारे हत्यार जवळजवळ नव्हते. जपानी शिपाई रस्त्यातल्या खड्ड्यात बसे. गुडघ्यांमध्ये विमानातून टाकावयाचा बाँब उभा धरलेला, हातात एक दगड. रणगाडा डोक्यावर आला की दगड बाँबच्या टोकावर मारावयाचा, एवढीच त्याला आज्ञा. कित्येकांना तसे बसलेलेच गोळी लागली. रणगाड्यांच्या पुढे चालणाऱ्या हिंदी पायदळाला हे खड्डे एकेक करून शोधावे लागले.